दुमडलेली करंगळी

तुलनायंत्राने काम संपल्याची घंटी वाजवली तेव्हा डॉ. ऋजुता साळसकर डब्यातली शेवाळाची उसळ संपवत होती. चंद्राच्या पोटात, पूर्वकुहरात, ती जन्मापासून हीच उसळ खात आली होती आणि जन्मापासून ती तिला आवडत नव्हती. तिने डबा बाजूला सारला आणि पडद्याकडे पाहिलं.

अहवाल दोन वस्त्यांचा होता. एक तिची स्वतःची, पूर्वकुहर: दोन हजार माणसं, पृथ्वीशी नेहमीची ये-जा. दुसरी तळकुहर: लाव्हाने कोरलेल्या त्याच बोगद्यात, एका जाड भिंतीपलीकडे, चारशे माणसं. अडतीस वर्षांपूर्वी तळकुहरात चांद्रबुरशीची साथ आली होती. ही बुरशी श्वासातून आणि स्पर्शातून पसरते, फुप्फुसात वीस वर्षांपर्यंत गुपचूप बसून राहते आणि मग आठवड्याभरात माणसाला घेऊन जाते. तळकुहरातली एक तृतीयांश माणसं गेली. भिंतीतलं दार बंद झालं आणि बंदच राहिलं. अन्न आणि औषधं एका झडपेतून आत जात. बोलायला एक तार होती, तीही फक्त आवाजापुरती.

आता तळकुहराचं श्वासयंत्र म्हातारं झालं होतं, दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं. फार तर चार-पाच महिने चाललं असतं. मग त्या चारशे माणसांना इकडे घ्यायचं, नाहीतर... या 'नाहीतर'च्या पुढचं नियामक मंडळाच्या पत्रव्यवहारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मंडळ पृथ्वीवर बसत असे, आणि तिथे हवा फुकट असते.

मंडळाने दोन अहवाल मागवले होते. एक वैद्यकीय आणि दुसरा मानवशास्त्रीय: इतकी वर्षं एकटी राहिलेली माणसं इकडच्यांत मिसळू शकतील का? ऋजुताला हा प्रश्नच मूर्खपणाचा वाटत होता, पण उत्तर चोख द्यायचं तिने ठरवलं होतं. तिने सहा पायांचा एक कॅमेरा झडपेतून आत सोडला. त्याला सगळे खेकडा म्हणत. स्वतःची तार मागे सोडत खेकडा दोन महिने तळकुहरात हिंडला आणि तिथलं जेवणखाण, बारसं, भांडण, मयत, जे दिसेल ते टिपून पाठवत राहिला. तळकुहराची ती अडतीस वर्षांतली पहिली चित्रं होती. तुलनायंत्राने ती पूर्वकुहराच्या चित्रांशेजारी ठेवली आणि फरक मोजले.

"काय म्हणतंय यंत्र?" दारातून डॉ. ग्रेगरी डाबरे यांनी विचारलं. डाबरे पूर्वकुहराचे मुख्य वैद्य. तीन वर्षांपूर्वी वसईहून इथे आले होते आणि अजूनही चालताना उंच उडी जाईल की काय अशा धास्तीने पाय टाकत.

"म्हणतंय, फरक आहेत पण निभावण्याजोगे. ते जेवताना बोलत नाहीत, आपण फार बोलतो. मिसळतील, डॉक्टर. माझ्याकडून होकार आहे. तुमचं काय?"

डाबरे खुर्चीत सावकाश उतरले. "माझा अहवाल एका ओळीचा आहे, बाय. सांगता येत नाही. दिसायला ती माणसं ठणठणीत आहेत, पण साथीतून वाचलेला माणूस स्वतः आजारी न पडताही बुरशी बाळगून असू शकतो, आणि तिची चाचणीच नाही. खरी चाचणी एकच. निरोगी माणसांनी त्यांच्या सहवासात राहायचं, वीस वर्षं थांबायचं आणि मग किती जगले ते मोजायचं. असल्या प्रयोगाला कोण परवानगी देईल? मी तरी देणार नाही. आणि सांगता येत नाही म्हटलं की दार उघडत नाही."

"म्हणजे चारशे माणसं..."

"मला माहीत आहे किती माणसं आहेत," डाबरे तुटकपणे म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. नियम त्यांनी केला नव्हता, आणि या नियमाने त्यांची झोप उडवली होती.

मग विषय बदलायचा म्हणून त्यांनी पडद्याकडे बोट केलं. खेकड्याने टिपलेली एक बाई शेजारणीला वाटी देत होती. "तिकडचे लोकपण करंगळी दुमडतात वाटतं."

"कसली करंगळी?"

"वाटी देताना बघा. बाकीची बोटं भांड्याला आणि करंगळी तळव्यात मुडपलेली. तुम्ही इकडचे सगळे करताच की. मी आलो तेव्हा मला मोठी गंमत वाटलेली."

ऋजुताने चित्र मागे नेलं, पुन्हा पाहिलं. दुसरं पाहिलं, दहावं पाहिलं. तळकुहरात हातातून हातात जाणारी प्रत्येक वस्तू करंगळी दुमडून जात होती. अहवालात याबद्दल चकार शब्द नव्हता. तिने यंत्राला सरळच विचारलं. पडद्यावर उत्तर आलं: वस्तू देण्याची रीत, फरक शून्य.

"शून्य," ती म्हणाली. तिचे कान तापले. "शून्यरेषा मीच आखली होती. पूर्वकुहरातलं वागणं म्हणजे शून्य, त्यापासून जे वेगळं तेवढंच यंत्राने सांगायचं. आमच्या विभागात नेहमी असंच करतात. बाकीच्यांच्या त्या रीती आणि आपलं ते नुसतं वागणं."

"एवढं काय त्यात? सारखं आहे तर सारखं आहे."

"परीक्षेत दोन मुलांनी एकच बरोबर उत्तर लिहिलं, तर काय सिद्ध होतं?"

"काही नाही. दोघांनी अभ्यास केला असेल."

"आणि दोघांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं, तेही एकाच विचित्र चुकीसकट?"

"मग एकाने दुसऱ्याचं बघितलंय."

"आमचं शास्त्र एवढंच आहे, डॉक्टर. बाकी सगळा पसारा. उपयोगाची रीत कुठेही आपोआप उगवते. थंडी वाजली की माणूस पांघरूण घेतो, त्याला ते कोणी शिकवावं लागत नाही. बिनकामाचा तपशील मात्र असा दोनदा उगवत नाही. तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो. करंगळी दुमडून वाटी नीट धरता येत नाही, उलट निसटते. म्हणजे ही चूक आहे, आणि दोन्ही पेपरांत तीच चूक आहे."

"दार बंद होण्याआधीची असेल. दोन्ही वस्त्या एकाच माणसांनी वसवल्या ना?"

"असेल. विचारून बघू."

तिने तारेवरून तळकुहराच्या प्रमुख सगुणाआक्कांना बोलावलं. आक्का सत्तरीच्या होत्या, गडहिंग्लजकडच्या आईबापांची लेक. आवाज अजून खणखणीत होता.

"कसली करंगळी गं?" आक्का म्हणाल्या. "काय तरीच इचारतीस. थांब, बघते." पलीकडे भांडं वाजलं. "ए पोरी, हे धर. आता दे मला माघारी. अगं बया! खरंच की. तू पण दुमडतीस?" भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "हे नानांचं असणार."

"कोण नाना?"

"नाना मोहिते. माझ्या आधीचे प्रमुख. दार बंद झालं त्याच्या पुढच्या वर्साची गोष्ट. हवेची झडप तुटली, हवा भसाभसा भाईर चाललेली. नानांनी हात घातला आन् धरून ठिवली. आम्ही वाचलो, त्येंची करंगळी गेली. पुढं दोन वर्सं रोजचं पाणी त्येच वाटायचे, सगळ्यास्नी आपल्या हातानं. मग वारले. त्येंचं सुतक म्हणून आम्ही वरीसभर करंगळी मुडपून दिलं-घेतलं. वरीस सरलं, पण बोट काय सरळ झालं न्हाई बघ." आक्का हसल्या. "पण हे आमचं झालं. तुमच्याकडं कशाला असंल?"

"तेच विचारायचं होतं. तिकडे कधी बाहेरचं कोणी..."

"झडपेतनं पिशव्या येत्यात. माणूस येत न्हाई," आक्का म्हणाल्या, आणि जरा जास्तच घाईने तार ठेवली.

डाबरेंनी चष्मा काढून पुसायला घेतला. "कोणीतरी तारेवरून इकडे सांगितलं असेल."

"जे आपण करतो हे आक्कांनाच माहीत नव्हतं, ते त्या सांगणार कशा? ही रीत बोलण्यातून जात नाही. समोरासमोर उभं राहून, हातातून हातातच जाते." हे बोलता बोलता ऋजुताला आपण काय बोलतोय ते कळलं, आणि ती थांबली.

डाबरेंनाही कळलं. "म्हणजे भिंत फुटलेली आहे," ते हळूच म्हणाले. "आणि ज्या वाटेने करंगळी आली त्या वाटेने बुरशीही येऊ शकते. बाय, नियम काय आहे ठाऊक आहे ना? तळकुहराशी संपर्क आलेला प्रत्येक माणूस तळकुहरात. संपर्कातल्याच्या संपर्कातलाही. इकडच्या किती जणांना ही सवय आहे?"

त्यांनी भोजनगृहाच्या दृश्यनोंदी काढल्या. दहातल्या नऊ हातांची करंगळी दुमडलेली होती. मग ते वर्षावर्षाने मागे जात राहिले आणि दुमडलेले हात कमी कमी होत गेले. दार बंद झाल्यावरच्या सहाव्या वर्षात एकच हात उरला. भिंतीलगतच्या पंपघरातली एक तरुण बाई मैत्रिणीला ताट देत होती. कमरेला पान्यांचा पट्टा, कपाळावर ग्रीसचा डाग. त्याआधी कोणाचीच करंगळी दुमडलेली नव्हती.

डाबरे त्या बाईला ओळखत नव्हते. ऋजुता ओळखत होती. तिने पेला उचलला तर पाणी संपलेलं होतं. डाबरेंनी आपला पेला तिच्यापुढे केला, आणि मध्येच त्यांचा हात थबकला.

"आयला," वसईचे डॉक्टर म्हणाले. "माझीपण."

कुमुद साळसकर पंपघरातून निवृत्त होऊन आता दिव्याखाली मिरच्या लावत असे. ऋजुता आत आली तेव्हा तिने न विचारता चहा पुढे केला. ऋजुताने चहाकडे न बघता हाताकडे पाहिलं.

"आई, नाना मोहिते कोण?"

कुमुदने मिरचीच्या रोपाचं एक वाळकं पान खुडलं. मग दुसरं. तिसरं वाळकं नव्हतं, तेही खुडलं.

"भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या पंपांना गाळणी एकच," ती शेवटी म्हणाली. "भरली की तिकडचा माणूस काढून मधल्या कप्प्यात ठेवणार, इकडून मी धुऊन परत देणार. कप्प्याला दोन झाकणं. एक उघडलं की दुसरं बंद, असं असायला हवं होतं. माझं झाकण उघडंच अडकून राहायचं. मी तक्रार केली नाही."

"का?"

"पहिल्यांदा आळसाने. मग पलीकडचा हात ओळखीचा झाला म्हणून. दिगंबर, नानांचा मुलगा. वडील गेले त्या वर्षी तो गाळणी द्यायचा ती करंगळी मुडपून. मी विचारलं, लागलंय का? तर रडायला लागला. एवढा मोठा माणूस." तिने चहा खाली ठेवला. "कप्प्यातून माणूस निघू शकतो, ऋजू. अंग चोरलं तर."

"आणि मला बाप नाहीच, मी दवाखान्याच्या बीजकोशातून झाले, असं जे तू..."

"अर्ज केला होता. मंजुरीच्या आधी तूच आलीस. इथे निम्मी मुलं बीजकोशाची, कोण विचारतंय."

ऋजुताला राग आला. एकतीस वर्षं भिंतीपलीकडे बाप होता आणि ती त्या भिंतीला पाठ टेकून शाळेचा अभ्यास करत बसायची, या गोष्टीचा तिला सणसणीत राग आला, आणि तो तिने बोलून दाखवला. आवाज चढवून, शेजाऱ्यांची पर्वा न करता. कुमुदने सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलं असतं तर तुला आत टाकलं असतं," ती म्हणाली. "नाहीतर मला आत, आणि तू बाहेर. कोणाला सांगणार होते मी? तू साधी खोकलीस तरी माझा जीव जायचा. तुझ्या उशाशी बसून श्वास मोजायचे. अशी वीस वर्षं काढली. विसाव्या वाढदिवसाला मी घरातली होती नव्हती ती सगळी साखर घालून शिरा केला होता, आठवतं? तू म्हणालीस, आई, एवढं काय झालं?"

ऋजुताला शिरा आठवला. फार गोड होता. आणि त्याबरोबर तिचा राग एकदम थंडावला, कारण तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी जुळायला लागलं होतं. निरोगी माणसांनी सहवासात राहायचं. वीस वर्षं थांबायचं. मग मोजायचं.

"तो अजून आहे?" दारातून वळून तिने विचारलं.

"गाळणी द्यायला येतो की. निवृत्त झाले तरी ती घ्यायला मीच जाते. आता दोघांनाही वाकवत नाही म्हणा," कुमुद म्हणाली.

डाबरे दवाखान्यातच होते. ऋजुताने सगळं सांगितलं, आईचं नाव न लपवता.

"एक बाई आणि एक मुलगी," ते म्हणाले. "दोन नमुन्यांवर मी चारशे माणसं आत घेऊ?"

"दोन नाहीत. करंगळी जिथवर पोचली तिथवर संसर्गाला वाट होती, हे तुम्हीच म्हणालात. आईकडून पंपघरात, पंपघरातून भोजनगृहात, सगळ्या वस्तीत. तीस वर्षांहून जास्त. यातल्या किती जणांना चांद्रबुरशी झाली?"

डाबरेंना नोंदी बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी बघितल्या. पूर्वकुहरात एकही रुग्ण नव्हता. एकही, कधीच. याचं श्रेय आजवर भिंतीला दिलं जात होतं.

"म्हणजे जी माणसं वाचली, त्यांच्यात बुरशी उरलेलीच नाही," ते पुटपुटले. "प्रयोग होऊन गेलाय. या प्रयोगाला मी कधीही परवानगी दिली नसती, बाय."

"म्हणून तर आईने विचारलं नाही."

मंडळाची बैठक पडद्यावर भरली. पृथ्वीवर लांबलचक टेबल, सात सदस्य, मध्ये अध्यक्षा वत्सला निंबकर. इकडून बोललेलं तिकडे पोचून उत्तर यायला अडीच-तीन सेकंद लागत, त्यामुळे मंडळ प्रत्येक वाक्यावर विचार करतं असा उगाचच भास होई. डाबरेंनी प्रामाणिकपणे सगळं मांडलं: गळती, करंगळी, तीस वर्षं, शून्य रुग्ण. त्यांचं म्हणणं होतं, दार उघडावं.

मंडळाने त्यातला 'गळती' हा एकच शब्द ऐकला.

"म्हणजे पूर्वकुहरसुद्धा दूषित आहे," अध्यक्षा म्हणाल्या. "डॉक्टर, तुमचा तर्क मला पटतोही. पण नियम संपर्काबद्दल आहे, तर्काबद्दल नाही. संपर्कातला प्रत्येक जण विलगीकरणात जातो. माझा प्रस्ताव असा, की आजपासून पूर्वकुहराची उड्डाणं बंद. दोन्ही कुहरं मिळून एक बंद वस्ती समजावी. श्वासयंत्राचं नंतर पाहू."

डाबरेंचा चेहरा उतरला. आपल्या खरं बोलण्याने चारशेंच्या जागी चोवीसशे माणसं कोंडली जाणार होती. ते ऋजुताकडे वळले, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. बोलून बोलून घसा कोरडा पडलेल्या शेजारच्या सदस्याला अध्यक्षांनी पाण्याचा पेला दिला होता, आणि ती तिकडे बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली. "तो पेला परत एकदा द्याल का?"

तीन सेकंद गेले. "कसला पेला?"

"पाण्याचा. आत्ता तुम्ही दिलात तो. त्यांच्याकडून घ्या आणि पुन्हा त्यांनाच द्या. देताना फक्त हाताकडे बघा."

अध्यक्षांनी वैतागून पेला घेतला आणि दिला. करंगळी दुमडलेली होती. परत करताना त्या सदस्याचीही.

"तुमच्या कार्यालयातले निम्मे लोक चंद्रावर नोकरी करून आलेले आहेत," ऋजुता म्हणाली. "इथून माणसं तीस वर्षं घरी जातायत. त्यांनी तुम्हाला जेवायला वाढलं, तुमच्या हातात कागद दिले, तुमची मुलं उचलून घेतली. नियम संपर्काबद्दल आहे ना? मग प्रस्ताव जरूर मंजूर करा. फक्त दार कुठे लावायचं आणि आपण त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, एवढं आधी ठरवा."

तीन सेकंदांनी टेबलाभोवतीचे सातही जण आपापल्या उजव्या हाताकडे बघू लागले. एक म्हातारे सदस्य करंगळी सरळ ठेवून पेन पुढे करायचा प्रयत्न करत होते. पेन दोनदा पडलं.

मतदान झालं नाही. अध्यक्षांनी नियमात दुरुस्ती सुचवली आणि सगळ्यांनी मान डोलावली. दया, न्याय असले शब्द कोणी उच्चारले नाहीत. बाहेर असं कोणी उरलंच नव्हतं, तेव्हा आत कोणाला ठेवायचं हा प्रश्नही मिटला.

पंधरवड्याने दार उघडलं. अडतीस वर्षांच्या गंजाने ते अडलं आणि कुमुदने आपला जुना पाना आणल्यावर हललं. सगुणाआक्का पुढे होत्या, त्यांच्यामागे मुलं, मग बाकीचे. मिसळण्याच्या अडचणींवर ऋजुताने केलेली टिपणं तिच्या हातातच राहिली, कारण पहिल्या पाच मिनिटांत कोण कुठलं ते ओळखू येईना.

सगळ्यात शेवटी एक उंच, वाकलेला म्हातारा आला. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून त्याने गाळणी बरोबर आणली होती. तो कुमुदसमोर थांबला. मग त्याने ऋजुताकडे पाहिलं, बराच वेळ. त्याने गाळणी तिच्यापुढे धरली. ऋजुताने ती घेतली. डोळे भरून आल्यामुळे तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिने ती आईच्या हातात दिली.

भिंतीवर बसलेल्या खेकड्याने ते तिन्ही हात टिपले आणि संध्याकाळी तुलनायंत्राने नोंद केली: फरक शून्य.